फिनाईलने धुतलेला ट्रे

“उद्याच्या उद्या हा ससा दुकानात परत जाणार,” सोफ्यावरचं तळं पाहून बायको अशी ओरडली, की सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसहून थेट समुद्रापलीकडच्या पुलाउ उबीन बेटापर्यंत ऐकू गेलं असेल. लेक रडत होती. सशाला वासावरून शी-शूची जागा कळावी म्हणून ती आठवडाभर त्याच्या लेंड्या वेचून ट्रेमध्ये ठेवत होती. पाहुणे येणार म्हणून सकाळी मीच तो ट्रे फिनाईलने घासला होता. त्यात श्रीखंड वाढावं इतका लखलखीत. तरी वर मीच लेकीला म्हणालो, “नीट शिकवलंच नाहीस तू त्याला.”

ससा माझ्याकडे एकटक बघत राहिला. त्याची नजर चुकवत शेवटी मी पुटपुटलो, “ट्रे मी धुतला होता.”

“माहितीये, बाबा,” लेक म्हणाली. “तुझ्या हातांना अजून वास येतोय.”