अर्धा मिलिमीटर आऊट

नग : एक. वर्णन : भगवंत किसन पगारे, पुरुष, अविवाहित, वय त्रेपन्न. पत्ता : शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ पूर्व. उंची : पाच फूट साडेपाच इंच, अनवाणी. पायाची आतली लांबी : एकोणतीस इंच. वजन : बासष्ट किलो, सकाळचे. पूर्वानुभव : आवक माल तपासणी, सव्वीस वर्षे, सायकल चालवणे, इयत्ता दहावीपर्यंत. मागणी : गिअरची सायकल, नवशिक्यास योग्य, कच्च्या रस्त्यासाठी व हौसेसाठी. वापर : समूहाने, दर रविवारी. घंटी : आवश्यक. पंप : आवश्यक. कॅरिअर : अनावश्यक. स्टँड : अनावश्यक, धरायला सोबत माणसे असतील.

हा मजकूर भगवंतने स्वतःच्या हाताने, शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. खाली डावीकडे ‘तपासणी विभाग’ अशी रेघ आखून त्यावर सही केली होती. उजवीकडे ‘उत्पादन विभाग’ अशी दुसरी रेघ होती. ती मोकळी होती, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

आनंदनगरच्या एमआयडीसीतली त्याची कंपनी दोन हजार तीन साली गुजरातच्या बाजूला गेली. यंत्रं गेली, साहेब गेले, कॅन्टीनची भांडीसुद्धा गेली. भगवंत राहिला. निघताना त्याने आपला व्हर्नियर कॅलिपर घेतला, जो त्याचा स्वतःचाच होता, आणि टॅगचं एक खोकं घेतलं, जे कुणाचंच नव्हतं. लाल टॅग म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड. सव्वीस वर्षं ट्रकमधून उतरलेला कुठलाही नग त्याच्या टेबलावरून गेल्याखेरीज आत गेला नाही. लोक त्याला घाबरत, मान देत आणि जेवायला शेजारी बसवत नसत.

लग्नाचंही तसंच झालं होतं. दोन धाकट्या भावांसाठी मुली त्यानेच पाहिल्या. प्रत्येकीला एकेक दुपार पुरली, आणि दोन्ही संसार सुखाचे झाले. स्वतःसाठी मात्र त्याने चौदा पाहिल्या. एकीचं बोलणं जरा मोठ्याने, एकीचं जरा हळू, एकीच्या घरचा जिना फार उभा. चौदावी मोडली तेव्हा आई गयाबाई म्हणाली होती, “तुला बायको नको रे, तुला नमुना पायजे. काचंच्या कपाटात ठेवायला.” पंधरावी कुणी दाखवलीच नाही. पुढे भाऊ आपापल्या संसाराने कल्याण आणि नाशिकला गेले, आई वारली, आणि दोन खोल्यांत आवाज करणारी वस्तू म्हणजे कुकर उरला.

सायकलीचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं नाथा भोईरने. नाथा पालेगावचा, त्याच कंपनीत मशीन शॉपचा सुपरवायझर, म्हणजे पक्का उत्पादन विभागाचा माणूस. वीस वर्षं दोघे मालावरून भांडले होते, आणि अंबरनाथात भगवंतला मित्र म्हणता येईल असा तेवढाच होता. कंपनी गेल्यावर नाथाने गिअरची सायकल घेतली. त्याची पुतणी जिज्ञासा आणि बदलापूरचे दोघे शिक्षक असे चौघे दर रविवारी सकाळी सहाला मंदिराजवळ शंकरच्या टपरीवर जमत, चहा घेत आणि रानवाटांनी निघत. कधी चिखलोलीच्या धरणाकडे, कधी तावलीच्या पायथ्याशी, कधी थेट कोंडेश्वरला.

“आरं भगवंता, घरी बसून बसून तुला गंज चढंल,” नाथा म्हणाला होता. “सायकल घे नं चल. पाचवा मानूस पायजेच आमाला.”

पाचवा माणूस. हे दोन शब्द भगवंत घरी घेऊन आला आणि त्याच संध्याकाळी त्याने वही उघडली.

उल्हासनगरात, कॅम्प तीनच्या बाजारात, हरेशभाईचं सायकलींचं दुकान होतं. भगवंत पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा हरेशने खुर्ची दिली, थंडा मागवला. चौथ्या खेपेपासून खुर्ची तेवढी उरली. पहिली सायकल पुढेमागे दोन्हीकडे शॉकअपवाली, लालभडक. भगवंतने ती स्प्रिंगकाट्याला टांगली, एकोणीस किलो भरली. मागचा शॉकअप हाताने दाबला, तर सायकल नमस्कार केल्यासारखी वाकली. “चढावर अर्धी ताकद ह्या उड्यांतच जाणार,” असं म्हणून त्याने हँडलला लाल टॅग बांधला. दुसरीचा सांगाडा मोठा होता. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिलं की मधल्या दांडीत आणि माणसात जेमतेम एका बोटाचं अंतर. लाल. तिसरीच्या रिमला दुकानदार ‘अ‍ॅलॉय’ म्हणत होता. भगवंतने खिशातून लोहचुंबक काढला. तो चिकटला.

“पगारे साईं,” हरेश म्हणाला, “सायकल घ्यायला आलात की तिचं पोस्टमॉर्टेम करायला?”

“पोस्टमॉर्टेम मेल्यावर करतात. हे त्याच्या आधीचं.”

“मग लवकर करा. इकडे गिऱ्हाईक मरेल वाट बघून.”

दर रविवारी मात्र भगवंत पावणेसहालाच टपरीवर हजर असे, पायी, खिशात पाना आणि पिशवीत पंप घेऊन. चौघे आले की चहा थंड होईपर्यंत तो त्यांच्या सायकली बघे. ह्याचा ब्रेक रिमला एका बाजूने घासतोय, त्याच्या चेनला तेल नाही, हिच्या टायरमध्ये हवा फार ठासली आहे, कच्च्या रस्त्याला थोडी कमी पाहिजे. सहा वीसला चौघे निघत. भगवंत मंदिराच्या कमानीपर्यंत त्यांच्यामागून चालत जाई, चाकांचे आवाज ऐके आणि घरी येई. येताना काळे झालेले हात तो लगेच धूत नसे. दुपारपर्यंत तसेच ठेवी.

गंमत अशी की ह्या चौघांतल्या तिघांच्या सायकली भगवंतनेच निवडलेल्या होत्या. जिज्ञासाला जुनी साधी सायकल सोडून गिअरची घ्यायची होती, तेव्हा तो तिच्याबरोबर हरेशकडे गेला आणि वीस मिनिटांत मोकळा झाला.

“काका, ती दोन शॉकअपवाली बघा ना, काय भारी दिसतेय!”

“दिसते. तू चढावर ढकलत नेशील तेव्हा पण तशीच दिसेल. पहिली सायकल साधी घ्यायची. पुढे एक शॉकअप पुरे. ह्या दांडीवर पाय टाकून उभी राहा. दोन-तीन बोटं जागा आहे? बास. पॅडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, सीट तेवढीच वर. गिअर अठरा आहेत की एकवीस, ते विसर. त्यातले पाचच वापरशील. टायर जाड आणि गाठीचं. कॅरिअर नको, स्टँड नको, वाटेत खडखडतात. आडवी ठेवायची तर डाव्या अंगावर, म्हणजे गिअर मातीत जात नाहीत.”

“आणि ह्याच्यापेक्षा चांगली पुढे मिळाली तर?”

“मिळेलच. तोवर तुला चालवता यायला लागेल.”

हरेशने हे ऐकून कपाळावर हात मारला. “साईं, हीच कॅसेट स्वतःला ऐकवा ना!”

भगवंत हसला. दुसऱ्याच्या सायकलीत काही उणं राहिलं तर ते दुसऱ्याचं नशीब. स्वतःच्या सायकलीत राहिलं तर ती तपासणीतली चूक. हा फरक हरेशला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

असं दीड वर्ष गेलं. वहीची त्रेसष्ट पानं भरली. आणि दोन हजार सहाच्या सप्टेंबरात एका रविवारी नाथाने चहाचा ग्लास खाली ठेवत सांगितलं, की पालेगावची जमीन बिल्डरला गेली, त्याने मुरबाडच्या आतल्या बाजूला शेत घेतलंय, दसऱ्यानंतरच्या गुरुवारी टेम्पो येतोय.

“म्हणजे कायमचा?” भगवंतने विचारलं.

“मंग काय, शेत काय येऊन-जाऊन करतान? दसऱ्याच्या आधीचा आयतवार आपला शेवटचा. कोंडेश्वरला जाव. भगवंता, त्या दिवशी तू पायजेस. कुठली बी सायकल आन. गंजकी आन, बिनाब्रेकची आन. पर ये.”

“येतो,” भगवंत म्हणाला. त्याने असं सरळ उत्तर दिलेलं पाहून शंकरही स्टोव्हकडून वळून बघायला लागला.

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी भगवंत हरेशकडे गेला. नुकतीच आलेली एक सायकल आतून बाहेर काढली होती. राखाडी, सोळा इंची सांगाडा, पुढे शॉकअप, मागे काही नाही, साडेचौदा किलो. लोहचुंबक रिमला चिकटला नाही. दांडीवर अंतर बरोब्बर दोन इंच. भगवंतने पुढचं चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, सरळ, आवाज न करता. त्याने मागचं फिरवलं आणि व्हर्नियर लावला. चाक अर्धा मिलिमीटर आऊट होतं, म्हणजे फिरताना एका बाजूला तेवढं डुलत होतं.

हरेशच्या मिस्त्रीने स्पोक पिळून आऊट काढला. पुन्हा मोजलं. अर्धा. पुन्हा पिळले. अर्धा.

“अर्धा मिलिमीटर!” हरेश ओरडला. “साईं, आदमी भी इतना सीधा नहीं होता! घेऊन जा, आत्ता, माझ्यासमोर बसून जा!”

भगवंतलाही तेच करायचं होतं. पण कारखान्याची एक रीत असते. माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण चालण्यासारखा आहे, अशा वेळी डेव्हिएशनची चिठ्ठी निघते. तीवर दोन सह्या लागतात, तपासणीची आणि उत्पादनाची. चूक आहे असं एकाने लिहायचं, असू दे असं दुसऱ्याने लिहायचं. सव्वीस वर्षांत भगवंतने एकट्याच्या सहीवर कुठलीही चूक पदरात घेतली नव्हती. ‘असू दे’ म्हणणारा नेहमी दुसरा कोणी असे.

त्याने सायकलला पिवळा टॅग बांधला, “उद्या नेतो” म्हणाला, रिक्षाने अंबरनाथला आला आणि तिथून तडक पालेगावला गेला. नाथाच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या रखमाने सांगितलं, सगळी मुरबाडला भांडी ठेवायला गेलीत, उशीर होईल.

रविवारी सकाळी सहाला चौघे टपरीवर आले तेव्हा भगवंत उभा होता. पायी. हातात चिठ्ठी.

“सायकल कुठाय?” नाथाने विचारलं.

“होल्डवर आहे. तुझी सही पाहिजे.”

नाथाने चिठ्ठी घेतली, टपरीच्या दिव्याखाली धरली आणि वाचली. शिक्षकांपैकी एक हसला. नाथा हसला नाही.

“भगवंता, कंपनी जाऊन तीन वर्षं झाली रं.”

“म्हणून तर तुझ्याकडे आलो. उत्पादनाचा माणूस दुसरा कुठून आणू?”

नाथाने पेन मागितलं. शंकरच्या बिस्किटांच्या बरणीवर चिठ्ठी ठेवून त्याने सही केली, पूर्वी करायचा तशीच, तारीख घालून, खाली दोन रेघा ओढून. ‘असू दे’ असंही लिहिलं. मग पेन परत देताना म्हणाला, “दुकान कवा उघडतं?”

“दहाला.”

सहा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. बारापर्यंत नाथाला परतायचं होतं, घरी पाहुणे होते.

“काका, माझ्या मागे बसा,” जिज्ञासा म्हणाली आणि तिने वळून सायकलकडे बघितलं. मागे कॅरिअर नव्हतं. चौघांपैकी कुणालाच नव्हतं. ते ज्याने काढायला लावलं होतं तो समोर उभा होता.

भगवंतने नाथाच्या टायरची हवा अंगठ्याने दाबून पाहिली. “पुढच्यात थोडी जास्त आहे,” तो म्हणाला, आणि वाकून सोडली. सहा वीसला चौघे निघाले. कमानीशी नाथाने एकदा मागे हात केला, न वळता.

दहाला भगवंत हरेशच्या दुकानासमोर होता. हरेशने चिठ्ठी वाचून परत दिली. नव्या सायकलला घालायचा झेंडूचा हार त्याने स्वतःच्या हाताने घातला. भगवंतने पिवळा टॅग सोडला आणि हिरवा बांधला.

गुरुवारी टेम्पो गेला. पुढच्या रविवारी भगवंत पावणेसहाला टपरीवर आला, पहिल्यांदाच सायकलवरून. शंकरने चहा ओतला. सहा झाले, सव्वासहा झाले. बदलापूरचे शिक्षक नाथासाठी इतक्या लांब येत होते. आता ते तिकडूनच परस्पर निघत असणार. जिज्ञासाचा रविवारी क्लास सुरू झाला होता, हे तिने सांगितलंही होतं. भगवंत एका हाताने हँडल धरून, दुसऱ्या हाताने चहा पीत उभा राहिला.

“भिंतीला टेकवा ना,” शंकर म्हणाला.

“रंग जाईल.”

ग्लास गरम होता, पण हात बदलता येत नव्हता. सहा वीसला तो निघाला.

सायकल उत्तम होती. पालेगावच्या नव्या इमारतींमागे कच्चा रस्ता लागला आणि गाठीच्या टायरने माती धरली. चढावर गिअर पडले ते आवाज न करता. गुडघा हवा तेवढाच वाकत होता. अर्धा मिलिमीटर कुठे जाणवला नाही. त्याने बराच वेळ तो शोधला. चिखलोलीच्या पुढे उतारावर चाळीस वर्षांनी त्याच्या तोंडून आपसूक ‘ए’ असं काहीतरी निघालं. डावीकडे गवत होतं, उजवीकडे गवत होतं.

कोंडेश्वरला पोचल्यावर त्याला कुंडावर हातपाय धुवायचे होते. त्याने सायकल गवतात आडवी ठेवली, डाव्या अंगावर, गिअर वर येतील अशी. पाणी गार होतं. तोंड धुताना त्याने तीनदा मान वर करून सायकल जागेवर आहे का ते बघितलं. मग दगडावर बसून वही काढली आणि चौसष्टाव्या पानावर लिहिलं : चाचणी पूर्ण. नग वापरास योग्य. समूहाने वापरण्याबाबत शेरा : निरंक.

मंगळवारी त्याने हरेशकडून सायकलीला स्टँड बसवून घेतला.