अंगठ्याला बांधलेली दोरी

आष्टीच्या रस्त्याला, तलावाच्या पाळीखाली इस्तारीचं घर आहे. जात ढिवराची, सारा जन्म पाण्यावर गेला. आता जाळं ओढवत नाही म्हणून गळ टाकून बसतो. बसतो कसला, झोपतो! गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि खुशाल घोरायचं. मासा लागला की अंगठ्याला हिसका बसतो. घरात बायको गोकुळा. मुलगा सुरेंद्र भद्रावतीला नोकरीला.

सूरजागडकडून लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले आणि पुढच्या वजनकाट्याची रांग इस्तारीच्या दारापर्यंत आली. ट्रक उभे, इंजिनं मात्र चालू, कारण उन्हाळ्यात ड्रायव्हरला केबिनमधला एसी हवा. धूर थेट घरात. म्हाताऱ्याला धाप लागू लागली. डॉक्टर म्हणाले, धुरात राहू नका. सुरेंद्रने निरोप धाडला, अक्षय तृतीया झाली की येतो आणि दोघांनाही घेऊन जातो. तेव्हापासून इस्तारीला अन्न गोड लागेना. तलाव सोडून मुलाच्या दोन खोल्यांत बसायचं म्हणजे त्याला मरणच वाटत होतं.

गावात यावर सभा झाली होती. 'उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवा' असा फलकही लागला. त्या फलकाच्या सावलीत रोज एक ट्रक घरघरत उभा असे. इस्तारी सभेला गेला नव्हता. तो काठी टेकत रांगेतल्या बिरजू नावाच्या ड्रायव्हरकडे गेला.

"बापू, गाडी काऊन चालू ठेवून राह्यला?"

"गर्मी किती आहे, बाबा! अन् बाहेर झोपलो तं कोनी डिझेल काढून नेते. मालक माह्यावरच येते."

इस्तारीने पाळीवर, रस्त्याला लागूनच, मांडव घातला. लग्नाला घालतात तसाच, बांबूचा, वर जांभळीच्या फांद्या. खाली खाटा. गोकुळा जमिनीवर पाणी शिंपडी आणि तलावावरचा वारा गार होऊन येई. तरी कुणी उतरेना. डिझेलची भीती उन्हापेक्षा मोठी. तेव्हा म्हाताऱ्याने गळाची दोरी काढली. एक टोक ट्रकच्या डिझेलटाकीच्या झाकणाला, दुसरं बिरजूच्या अंगठ्याला.

"झाकनाले हात लागला का तू उठशीन. मासा सुटत नाई, चोर कुठी जाते?"

बिरजू हसला, पण झोपला. रांग सरकल्याची हाक आली तसा दोरी विसरून धावला आणि तोंडावर आपटला. सगळे पोट धरून हसले. इस्तारीने गाठ बदलली, ओढली की सुटणारी केली. मग हसणारेच दोरी मागायला आले. दारासमोरची इंजिनं एकेक करून थांबली. किती दिवसांनी गोकुळाला चुलीवरच्या वरणाची रटरट ऐकू आली.

ठरल्याप्रमाणे सुरेंद्र आला, भर दुपारी, नव्या गाडीतून. गाडी दाराशी लावली आणि उतरताच म्हणाला, "बाबा, सामान कुठी आहे?"

"हळू बोल," इस्तारी मांडवाकडे बोट दाखवत म्हणाला. "झोपून राह्यले ते."

बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली. छाती धरून तो उंबऱ्यावर बसला.

"पाहा! म्हनूनच म्हनतो, इथी राहू नका."

गोकुळा पाण्याचा तांब्या घेऊन आली. "ट्रक तं सारे बंद आहेत, बापू. आयक बरं."

सुरेंद्रने कान दिला. रस्त्यावर एकच इंजिन चालू होतं. बापाला बसायला गाडी गार असावी म्हणून त्यानेच ते चालू ठेवलं होतं. आपल्यालाही त्याचं वाईट वाटतं. आला होता तो मायेनेच.

त्याने जाऊन गाडी बंद केली. घामाने निथळत मांडवात आला, खाटेवर टेकला. इस्तारीने दोरीचं एक टोक गाडीच्या दाराला बांधलं, दुसरं मुलाच्या अंगठ्याला.

सुरेंद्र दिवस कलेपर्यंत झोपला. उठल्यावर चहा घेतला, दोरी सोडून बापाच्या हातात दिली आणि एकटाच परत गेला.