हवालदाराचं कमी आवाजाचं यंत्र

हवालदार पोलिसात कधीच नव्हता. ओतकामाच्या कारखान्यात भट्टीला हवा देणारा ब्लोअर असतो, खोलीएवढा. तो त्यानं एकतीस वर्षं चालवला. हवा त्याच्या हुकमात, म्हणून हवालदार. मी पलीकडच्या खात्यात होतो. ओतलेले नग थंड झाले की त्यांना चिकटलेली वाळू छिन्नीनं आणि हवेच्या गननं काढायची, हे माझं काम. आता दोघेही घरी बसलोय. म्हणजे मी बसलोय. त्याला बसणं जमत नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

त्याच्या घरात दोघंच, तो आणि त्याची मुलगी. ती नर्स आहे, कायम रात्रपाळी. सकाळी आठला येते, नऊला झोपते, चारला उठते. स्वयंपाक ती करून ठेवते, कपडे मशीन धुतं, सामान दारात येतं. हवालदाराच्या वाट्याला राहिलं अंगण. पंधरा पावलं लांब, नऊ पावलं रुंद. अर्धी फरशी, अर्धी खडी, कडेला गवताची पट्टी. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं झाड आहे, तळहाताएवढ्या पानांचं. झाड त्यांचं, पानं याची. रोज दीड तास तो लांब दांड्याच्या पंजानं पानं ओढायचा. मी घड्याळ लावून पाहिलंय. कोपरे सोडले तर पन्नास मिनिटांत झालं असतं. तो कोपरे सोडत नसे.

मग उजव्या खांद्यातला स्नायू फाटला. डॉक्टरांनी झाडू, पंजा, फावडं, सगळं बंद केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, एक माणूस सांगितलाय. आठवड्यातून दोनदा येईल, स्वतःचं मशीन घेऊन. एक तारखेपासून. तुम्ही आता निवांत बसा."

हे त्यानं मला फाटकात उभ्या उभ्या सांगितलं. त्यातलं 'निवांत बसा' तीनदा सांगितलं.

"मग बस की," मी म्हटलं.

"कशावर बसू? तिच्या जिवावर?"

त्यानं मुलीशी वाद घातला होता. शेवटी तिनं अट घातली. अंगण त्यालाच करायचं असेल तर मशीन असं आणा, जे डाव्या हातात एकट्याला पेलेल आणि ज्यानं तिची झोप मोडणार नाही. नाहीतर तो माणूस येणार. एक तारखेला बारा दिवस होते.

"संध्याकाळी करत जा ना, ती उठल्यावर," मी सुचवलं.

"तीननंतर गल्लीतून वारं आत येतं. काढलेलं परत भरतं. सकाळी दव असतं, पान फरशीला चिकटतं. काम दहा ते एक. बाकीच्या वेळी केलं तर नुसता देखावा."

हवेच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

बागेच्या सामानाच्या दुकानात आम्ही दोघे गेलो. भिंतीवर अकरा ब्लोअर टांगलेले. चष्म्याला साखळी लावलेली एक बाई पुढे आली.

"काय दाखवू, काका?"

"पानं उडवायचं मशीन," हवालदार म्हणाला.

"नुसती उडवायची, की ओढून पिशवीत भरायची, की भुगाही करायचा? हातातलं की पाठीवरचं? पेट्रोल, वायर की बॅटरी?"

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. आयुष्यभर आम्हाला एकच ब्लोअर माहीत. त्याला एक बटण होतं आणि एक झडप.

बाई समजूतदार होती. तिनं एकेक खाली काढलं. पेट्रोलचं दोरी ओढून चालू करायचं. दोरी म्हणजे खांदा, ते बाद. वायरचं हलकं होतं, पण अंगणात प्लग नाही. स्वयंपाकघरातून वायर ओढत न्यायची, ती खडीत अडकणार, दर पाच पावलांना सोडवायला वाकायचं. वाकणं धरलं तर हाताची बचत गेली. तेही बाद. राहिली बॅटरीची पाच. मला हायसं वाटलं. मग तिनं खोकी वळवून आकडे दाखवले.

एका खोक्यावर हवेचा वेग मोठ्या अक्षरात. दुसऱ्यावर मिनिटाला किती हवा निघते ते मोठ्या अक्षरात, वेग खाली मुंगीएवढा. तिसऱ्यावर वेग होता, पण ताशी नाही, सेकंदाला. चौथ्यावर बॅटरी पंचेचाळीस मिनिटं चालते असं लिहिलेलं.

"पंचेचाळीस?" मी विचारलं. "पूर्ण जोरात?"

"पूर्ण जोरात चौदा," बाई म्हणाली. खोटं बोलली नाही, हे बरं वाटलं. पण मग पंचेचाळीस कशात, ते काही कळलं नाही.

"वेग जास्त असेल ते घे," मी हवालदाराला म्हटलं. "चिकटलेलं निघतं ते जोरानं. मी सव्वीस वर्षं वाळू काढलीय."

"तू वाळू काढलीस, मी भट्टी पेटवली. झोतानं कोळसा उडतो, पेटत नाही. हवा भरपूर लागते, आणि सावकाश."

"इथं काय पेटवायचंय तुला?"

"पान काय लोखंडाला चिकटलंय?"

"काका," बाई म्हणाली, "मागे या. भांडण मागे मिटवू."

दुकानामागे तिनं पोतंभर वाळलेली पानं ठेवली होती, गिऱ्हाइकांसाठीच. ढीग केला. मी बारीक तोंडाचं, वेगाचं मशीन घेतलं. ढिगाला मधोमध भोक पडलं, पानं डोक्यावरून उडून माझ्याच मागे पडली. काही बाईच्या केसांत. हवालदारानं रुंद तोंडाचं घेतलं. ढीग सतरंजीसारखा पुढे सरकला, भिंतीपर्यंत गेला, तिथे थांबला.

मग त्यानं मशीन दोनदा जास्त फिरवलं, गरज नसताना.

रुंद तोंडाची दोनच उरली. पहिलं त्यानं डाव्या हातात धरलं आणि चालू केलं, तर ते त्याच्या सदऱ्याला जाऊन चिकटलं. हवा आत घेणारं तोंड मशीनच्या कुशीत होतं. उजव्या हातात धरणाऱ्याला ते बाहेरच्या बाजूला येतं. डाव्या हातात पोटाशी. सदरा आत ओढला गेला, मशीन घुसमटलं.

"उजव्यांसाठी केलंय," बाई म्हणाली.

"मी उजवाच आहे," हवालदार म्हणाला. "आता झालोय डावा."

दुसरं सरळ नळीसारखं होतं, हवा मागून घ्यायचं. सदरा मोकळा राहिला. मी हातात तोलून बघितलं, बॅटरीसकट तीन किलोच्या आत, आणि वजन मुठीखाली, पुढे नाही. हात दुखतो तो वजन पुढे असलं की. चांगलं बनवलं होतं.

"आवाज?" हवालदारानं विचारलं. खरा प्रश्न हाच होता.

बाईनं ते चालू केलं. मग दुसरं चालू केलं. मग पुन्हा पहिलं. "फरक कळतोय ना?" असं काहीतरी म्हणाली. हवालदारानं मान हलवली. मीही हलवली. तिनं एक आकडा सांगितला, तो दोघांच्याही डोक्यावरून गेला. मशीन घेतलं. न पटल्यास सात दिवसांत परत, असं पावतीवर लिहून घेतलं.

बसथांब्यावर खोकं मधे ठेवून आम्ही बाकावर बसलो. हवालदार म्हणाला, "आवाज कमी आहे ना पण?"

"तूच मान हलवलीस."

"तू हलवलीस म्हणून मी हलवली."

"मी तू हलवलीस म्हणून."

त्याचे कान भट्टीनं नेले, हे मला माहीत होतं. माझे छिन्नीनं नेले, हे त्याला माहीत नव्हतं. समोर बोललेलं मला कळतं, तोंड बघून आणि सवयीनं. पण दोन मशीनमधलं बारीक आवाजाचं कोणतं, हे मी कशानं सांगणार? कमी आवाजाचं मशीन आणायला आम्ही दोन बहिरे गेलो होतो.

"तुला कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तुझ्याच वेळेपासून."

"सांगायचंस की."

"तू कुठे सांगतोस?"

"मग मी तुला बरोबर नेलं कशाला? ऐकायला!" तो एवढ्या जोरात म्हणाला की थांब्यावरची माणसं वळली.

घरी येऊन आम्ही उपाय शोधले. तो म्हणाला, हात ठेवून बघू, थरथर कमी म्हणजे आवाज कमी. ठेवला. थरथर कमी होती. पण कशाच्या मानानं कमी? भट्टीच्या? त्या मानानं तर आगगाडीही कमी. मी म्हटलं, शेजाऱ्यांना विचार. तो म्हणाला, शेजारी त्यांची पानं फुकट निघतायत म्हणून छानच म्हणतील. दोन दिवस असे गेले. सातातले दोन.

शेवटी ठरलं, मुलीवरच तपासायचं. तिला न सांगता; सांगितलं तर ती कान लावून झोपणार, मग तपासणी कसली? बुधवारी अकराला ती झोपेत असताना तो अंगणात मशीन चालवणार, मी आतल्या बोळात तिच्या दारासमोर उभा राहणार. दार उघडलं, तर मशीन परत. नाही उघडलं, तर अंगण त्याचं.

बुधवारी अकराला मी बोळात उभा राहिलो. दार बंद. बोळाच्या खिडकीतून हवालदार दिसत होता. त्यानं खूण केली आणि सुरू झाला. मला काहीच ऐकू येईना. पानं खडीवरून सरकताना दिसली, म्हणून मशीन चालू असल्याचं कळलं. एक मिनिट. दोन. तीन. दार बंद. त्यानं खिडकीकडे बघून भुवया उडवल्या. मी हात हलवला. त्याला कळेना. परत हलवला. तो कपाळाला आठ्या घालून उभाच. चौथ्या मिनिटाला मला राहवलं नाही.

"काही नाही!" मी खिडकीतून सांगितलं. "उठली नाही!"

"कोण उठली नाही, काका?"

मुलगी माझ्यामागे उभी होती; खांदा धरून मला वळवून विचारत होती. केस विस्कटलेले, एक डोळा बंद.

मी बोट बाहेर केलं. "मशीन. तुझ्या बाबांचं. आवाज आला?"

"कुठल्या मशीनचा? मला तुमचा आवाज आला. सगळ्या गल्लीला आला असेल."

हवालदार आमच्याकडे पाठ करून कोपऱ्यातली पानं काढत होता. त्याला पत्ताच नव्हता. ती खिडकीशी आली. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. काही बोलत असेल तर मला दिसलं नाही, तोंड तिकडे होतं. मग वळून म्हणाली, "त्या माणसाला मी नको म्हणून कळवते. पण तुम्ही परत या बोळात उभं राहायचं नाही." आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर जाऊन सांगितलं. हवालदारानं मशीन बंद केलं.

"खरंच आवाज आला नाही म्हणाली?"

"हो."

"तू तिचं तोंड बघत होतास?"

"बघत होतो."

"मग?"

"झोपेचं तोंड. त्यावरून काय कळणार?"

यावर त्यानं विचार केला. "आवाज आला असता तर बोलली असती. बोलायला ती कुणाला भिते?" मला ते पटलं. घरी जाईपर्यंत पटलेलं राहिलं.

पुढच्या आठवड्यात तिनं आपला पलंग अंगणाकडच्या खोलीतून मागच्या खोलीत नेला. खरं म्हणजे आम्हीच नेला. डोक्याकडची बाजू मी धरली, पायांकडची तिनं. हवालदारानं दारं धरली. पलंग जड होता आणि मागची खोली अरुंद, दोनदा उभा करावा लागला. एवढी मेहनत कशाला, म्हणून विचारलं. म्हणाली, "पुढे डोळ्यांवर ऊन येतं, काका."

पुढच्या खिडकीसमोर ते झाड आहे. तिथं कधी ऊन येत नसे. पण आता त्याची पानं गळलीत, तेव्हा येतही असेल. मी दोनदा त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. एकदा आभाळ होतं. एकदा ऊन होतं, पण ते पलंगाच्या जागेपर्यंत पोचतं की नाही, हे पलंग नसताना ठरवता आलं नाही.

हवालदाराला मी काही बोललो नाही. सात दिवस उलटून गेलेत, पावतीचा उपयोग संपलाय. तो रोज अकराला सुरू करतो. मधे एकदा बॅटरी बदलतो. सगळं अंगण अडतीस मिनिटांत होतं. उरलेल्या वेळाचं काय करायचं, हे त्याला सुचलेलं नाही. परवा मला विचारत होता, "तुझ्याकडे पानं पडतात का रे?"

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.