डाव्या पाकळीमागचं शीत

कौल लावायला मी नकार दिला, त्याला आता दोन वर्षं होतील. गावात अजूनही काही जण मला बघून रस्ता बदलतात. बदलू देत. आज पुन्हा कुणी विचारलं तर मी पुन्हा नकारच देईन. पण नकार का दिला हे सांगायचं तर आधी एकदा कौल कसा लावला होता ते सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला अजूनही तोंड वर करता येत नाही.

आमचं गाव कोयनानगरच्या अलीकडे, घाटाच्या पोटाला. गावाच्या वर भैरोबाची राई. बाहेरून बघितलं तर डोंगराच्या अंगावर काळ्या घोंगड्यासारखी दिसते. आत उंबर, जांभूळ, बेहडा, हिरडा, आणि नाव कुणालाच ठाऊक नसलेले वेल. मधोमध उघड्यावर भैरोबाची शिळा, शेजारी झरा, झऱ्याचं पाणी साठायला दगडी कुंड. कुंडातल्या माशांना देवाचे मासे म्हणतात. राईचे नियम तीनच. लोखंड आणायचं नाही. मासा धरायचा नाही. वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. लहानपणी मी एकदा आंब्याची कोय खिशातून घरी आणली तर वडिलांनी मला परत राईत नेऊन ती जिथली तिथं टाकायला लावली होती.

आम्ही गुरव. पूजा तेव्हा आमच्या दोन घरांत, एक महिना आमचा, एक चुलतभावाचा. मी सांगलीला विश्रामबागेत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. बायको गावी असते, आमच्या महिन्यात रोजचं पाणी-फूल ती करायची आणि रविवारी मी यायचो. कौल मात्र आमच्याच घरानं लावायचा. तो मान वडिलांकडून माझ्याकडे आला.

कौल लावायचा म्हणजे चाफ्याच्या दोन पाकळ्या झऱ्याच्या पाण्यात बुडवायच्या आणि शिळेच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या. गावाचा प्रश्न मोठ्यानं सांगायचा. मग वाट बघायची. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. कधी घटकाभरात पडते, कधी माणसं मांडी बदलून बदलून थकतात. वडील म्हणायचे, "पाणी लावायचं, बोट काढायचं आन् मागं सरायचं. नंतर तू कोण न्हाईस." मरेपर्यंत त्यांनी हे एकच शिकवलं आणि मी तेच मोडलं.

झालं असं. आमच्या कॉलेजातली चार माणसं एकदा यात्रेला आली होती. मीच आग्रहानं बोलावलं होतं. बसायला धड जागा नाही, डोक्यावर यात्रेपुरती बांधलेली गळकी ताडपत्री, चिखलात पंगत. एक जण हसत म्हणाला, "तुमचा देव फारच साधा आहे बुवा." त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य सांगलीपर्यंत एसटीत माझ्या शेजारी बसून आलं. पुढच्याच महिन्यात देवस्थानच्या अध्यक्षांनी सभामंडपाचा विषय काढला. अध्यक्ष फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. घरचा ऊस, आवाज कवायतीचा, मनानं वाईट नाही. मंडपाला जागा हवी होती आणि ती झऱ्याच्या वरच्या अंगाला होती. तिथं अकरा झाडं उभी होती.

"तू कौल लाव," सुभेदार म्हणाले. "देव न्हाई म्हणाला तर मी अबाऊट टर्न."

कौलाच्या रविवारी सगळे जमायच्या आधी मी नैवेद्याच्या भातातलं एक शीत उचललं आणि डाव्या पाकळीच्या मागं बोटानं चुरडून लावलं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी धाक घातला नव्हता. मला मंडप हवा होता. पुढच्या यात्रेला ती चार माणसं पुन्हा यावीत आणि फरशीवर बसावीत, एवढंच. उजवी पाकळी पडली तेव्हा लोकांनी चांगभलं केलं. मीही केलं. डावी संध्याकाळपर्यंत तशीच होती. बायको म्हणाली, "अशी कवा राहिली न्हवती पाकळी." मी म्हणालो, "देवाची मर्जी."

झाडं तोडायला बाहेरगावची माणसं आणली होती. त्यांच्या म्होरक्यानं करवत खाली ठेवून आधी विचारलं, "कौल झालाय न्हवं? न्हाईतर आमी हात लावत न्हाई." लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली. ती मान हलवलेली मला आजही आठवते, शितापेक्षाही जास्त.

मंडप झाला. गुळगुळीत फरशी, वर पंखे. ती चार माणसं काही पुन्हा आली नाहीत.

झरा लगेच आटला नाही. आटला असता तर मला लवकर अक्कल आली असती. पहिल्या उन्हाळ्यात धार बारीक झाली. दुसऱ्या वर्षी चैत्रात बायकोचा फोन आला, "कुंडात गुडघाभर सुदीक पाणी न्हाई. मासं वर तोंड काढत्यात." मी रजा टाकून आलो. कुंडाच्या एका कोपऱ्यात डबकं उरलं होतं आणि त्यात सगळे मासे एकमेकांवर चढत होते. आम्ही दोघांनी ते बादल्यांत भरून नदीच्या डोहात नेऊन सोडले. पाच-सहा खेपा झाल्या. मासा धरायचा नाही, हा नियम मी ओंजळीनं मोडत होतो आणि बायकोला वाटत होतं मी पुण्य करतोय. शेवटच्या खेपेला मी उतारावरच बसलो आणि तिला शीत सांगितलं.

ती बादली उचलून म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी काय गाव हाय?"

गावाला सांगायचं धाडस मला झालं नाही. मी दुसरेच उद्योग केले. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना राईबद्दल सांगितलं. त्या येऊन दोन दिवस पानं बघत फिरल्या, शिळेपुढं चप्पल काढून उभ्या राहिल्या. जाताना म्हणाल्या, "मी देव मानत नाही. पण हे रान सरकारी कागदानं राखलेलं नाही, हे तुमच्या देवानं राखलंय. त्याला सांभाळा." मी नुसतं हो म्हणालो. कुणाला सांगत होत्या हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग दोन वर्षांपूर्वी सुभेदारांनी नवा विषय काढला. राईच्या वरच्या अंगानं मंडपापर्यंत रस्ता, गाड्या लावायला सपाट जागा, आणि कुंडाला सिमेंट करून वर कारंजं. मंजुरी आली होती. खोदाईचा मशीनवाला ठरला होता. रविवारी आरतीनंतर मंडपात सगळं गाव बसलं.

"समदं फायनल हाय," सुभेदार म्हणाले. "नुसता कौल ऱ्हायलाय. चल रं, घे पाकळ्या."

ताटात पाकळ्या होत्या. शेजारी नैवेद्य झाकून ठेवला होता. मी उठलो, पण शिळेकडे गेलो नाही. तिथंच उभा राहून म्हणालो, "मी कौल लावणार न्हाई. मागचा कौल खोटा होता. डाव्या पाकळीला मी शीत लावलं होतं. ही फरशी, हे पंखे, समदं त्या शितावर उभं हाय."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "देव शीत खातो व्हय रं?" आणि दोघे-तिघे हसले. चुलतभाऊ माझ्या शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, "खाली बस. येड लागलंय का? घराण्याचं तोंड काळं करतूस."

"काळं मी तवाच केलंय. आज धुतोय."

सुभेदार हसले नाहीत. ते उठून माझ्यासमोर आले. "म्हंजी आमचा कौल तुझ्या बोटांचा खेळ? वाडवडलांपास्नं आमी बोटांचा खेळ बघत आलो?"

या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती होती, कारण तो खरा होता. मी म्हणालो, "बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई. माझ्या बापानं कवा बोट लावलं न्हाई. मी लावलं. देव तवा गप होता, मी त्याच्या तोंडात हो घातला."

"मग आज खरा लाव की. न्हाई कोण म्हणतंय?"

"आज बी न्हाई. देवानं सांगितलेलं हाय. लोखंड आणू नका, मासा धरू नका, काटकी नेऊ नका. हे इचारायला कुणी पाकळ्या लावल्या न्हवत्या. घरात बापानं एकदा न्हाई म्हटलं की पोरगं रोज सकाळी उठून इचारतं व्हय, आज तरी हो म्हणताय का म्हणून?"

"तुझी पूजा जाईल."

"काढून घ्या."

"मान जाईल घरचा."

"शीत लावलं तवाच गेला तो. तुमास्नी आज कळलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सीमेवर राहिलेला माणूस, त्याला मी फितुरासारखा दिसत असणार. मग ते चुलतभावाकडे वळले. "तू लाव. एकाच रक्ताचा हायस."

चुलतभावानं ताट घेतलं. शिळेपाशी गेला. पाकळी झऱ्याच्या पाण्यात बुडवली. धार करंगळीएवढी होती, पाकळी भिजायला वेळ लागला. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "बोटं दाखव आधी." दुसरा म्हणाला, "दोन्ही पाकळ्या उलट्या करून दाखव." तिसरा म्हणाला, "पाणी बी एकसारखं लाव." चुलतभावानं बोटं दाखवली, पाकळ्या दाखवल्या, पुन्हा बुडवल्या. उजवी पडली तर म्हणतील यानंही काही तरी केलं, डावी पडली तर म्हणतील भावाला सामील आहे. त्यानं ताट खाली ठेवलं.

"माझ्यानं न्हाई व्हायचं," तो म्हणाला. "दुसरं कुणी लावा."

दुसरं कुणी उठलं नाही. सुभेदारांनी एकेकाचं तोंड बघितलं. मग स्वतःच ताटाकडे हात नेला आणि पाकळीला बोट लागायच्या आत मागे घेतला. ज्या माणसानं बर्फात पहारे केले, त्यानं.

पुढच्या आठवड्यात मशीन आलं. मी रस्त्यात उभा राहायला म्हणून सांगलीहून आलो होतो, पण माझी गरज पडली नाही. मशीनवाल्यानं खाली उतरून तोच प्रश्न विचारला, "कौल झालाय न्हवं?" आणि या वेळी बोट दाखवायला कुणी नव्हतं. तो चहा पिऊन परत गेला.

माझी पूजा काढली. आता बाराही महिने चुलतभाऊच करतो. तो माझ्याशी बोलत नाही, पण शिळेवर त्यानं एकदाही पाकळी चिकटवलेली नाही. कुणी म्हणतं मी कौल बुडवला. बुडवला. कुणी म्हणतं राई देवानं नाही, संशयानं राखली. असेल. ती अकरा झाडं त्यानं परत येत नाहीत आणि माझं पापही फिटत नाही. पण उरलेल्यांवर करवत चालवायला आता माझी मान हलणार नाही, आणि दुसऱ्या कुणाची हलली तर मी तिथं असेन.

दर रविवारी मी अजूनही जातो. मंडपात जायची मला मनाई आहे, राईत जायला नाही. वरच्या अंगाला, फरशी संपते तिथं, मी खाली पडलेली जांभळं आणि उंबरं मातीत दाबत बसतो. लोखंड चालत नाही, म्हणून बोटांनीच. परवा सुभेदार वरून काठी टेकत आले आणि उभे राहिले.

"याला कुणाला इचारलंस?"

"कुणाला न्हाई."

"कौल?"

"न्हाई."

त्यांनी काठीनं एका ठिकाणची पालापाचोळ्याची रास बाजूला केली, खालची ओली माती उघडी केली आणि निघून गेले. मी तिथंही एक बी दाबली.