दोन रिंगा

काल इंटरनेटवाल्या मुलीने आपल्या घरच्या फोनवरचा विणलेला रुमाल उचलून पाहिला आणि हसली. “आजी, नेट, टीव्ही, फोन एकाच बिलात घ्या. स्वस्त पडेल. नंबर मात्र बदलेल.”

मी कागदावर उभी रेघ मारली. एकीकडे आताची तीन बिलं, दुसरीकडे तिचं एक. स्वस्त होतंच.

“घेऊन टाक,” आजोबा म्हणाले. “या फोनवर बोलतं कोण?”

“आणि पोरं पोहोचल्याचं कळायचं कसं?” मी विचारलं.

बाळांनो, सुट्टी संपवून तिकडे परत पोहोचलात की तुम्हाला पाठ असलेल्या याच एका नंबरवर दोन रिंगा देऊन फोन ठेवता. पैसे वाचवायला तुमच्या बाबाने लावलेली सवय. त्या वाजेपर्यंत आजोबांचा चहा कपात तसाच असतो. फोन बोलण्यासाठी असतो असं धरून मी तुलना केली होती. आपल्याकडे तो ऐकण्यासाठी आहे.

आजोबांनी रुमाल नीट बसवला. “नेट-टीव्ही एकत्र द्या. हा राहू दे.”

तेवढ्यानेही थोडे वाचतातच. आणि आता फोनला तुम्हालाही पैसे पडत नाहीत ना? मग पुढच्या वेळी तिसरी रिंग वाजू द्या. मी उचलते.