पहिली फेरी सुताराची

लेक होडी घेऊन खाडीत गेली की मी काठावर निवांत चहा पितो, तो मनुरेवा या आमच्या उपनगरातल्या शेजारच्या तुर्की सुतारकाकांमुळे. त्यांचे पूर्वज फरात नदीकाठी उस्मानी सुलतानाच्या नावा बांधायचे. हे अजून कुठलंही लाकूड दिसलं की टकटक करून कान लावतात. आमचं जेवणाचं टेबलही सुटलेलं नाही.

होडी त्यांनीच बांधली. पहिल्या दिवशी लेक लाइफ जॅकेट घालून तयार, तर हे पायातल्या रबरी चपला, इथल्या भाषेत जँडल्स, काढून स्वतःच आत बसले.

"आमच्याकडे पहिली फेरी सुताराची. बुडायची वेळ आली तर आधी त्याने बुडावं."

लांब चक्कर मारून आले, तळ चाचपला, मग वल्हं तिच्या हातात दिलं.

घरी परतताना मी सहज विचारलं, "तुम्हाला पोहता येतं ना?"

"नाही," ते म्हणाले. "म्हणून तर नीट बांधतो."