कौसाबाई राणीच्या वतीनं बोलली

ब्राह्मणपुरीच्या कौसाबाईचा नवरा भटू पहिल्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेला, तो तिकडंच संपला. निघताना ओट्यावर गावची माणसं, शेजारी सासू दगूबाई. कौसाबाई पदर ओढून दारात उभी. नवऱ्याशी एक शब्द बोलता आला नाही. पुढं कितीतरी वर्षं सासू-सुना एका चुलीवर रांधत राहिल्या, पण भटूचं नाव कुणीच काढलं नाही.

मग एका हिवाळ्यात शहाद्याला तंबूतला सिनेमा आला. गावच्या बायकांबरोबर गाडीत बसून कौसाबाईही गेली. चित्र मुकं होतं. पडद्याशेजारी उभा राहून लोटन नावाचा माणूस अहिराणीत गोष्ट सांगायचा.

मशीन फिरलं आणि कापडावर घराएवढा घोडा धावत आला. बायका किंचाळून मागं सरकल्या. कौसाबाई डोळे विस्फारून तशीच बसली. जुन्या काळचा राजा, शत्रूच्या घरची राणी, आणि वेशीवर तिच्याच बापाचं सैन्य. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि राजा चिलखत चढवत होता. राणी खांबाला धरून उभी. परातीएवढ्या डोळ्यांत पाणी थरथरताना दिसत होतं. तिचे ओठ हलले.

"राणी म्हनस..." लोटननं सुरुवात केली.

"ती काय म्हनस, मी सांगस!" कौसाबाई उठून उभी राहिली होती. "जाऊ नको म्हनणार नही मी. पन मन्हाकडे देखीसन जा!"

आणि पडद्यावरचा राजा उंबऱ्यात थांबला, वळला.

लोटन बाजूला झाला. रणात राजा पडला, राणी त्याला शोधत फिरली, तिथपर्यंत कौसाबाईच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी लोटन गाडी घेऊन दारात हजर. "माय, आज बी राणीकडून तूच बोल."

कौसाबाईनं सासूकडं पाहिलं.

"जा," दगूबाई म्हणाली. "मी बी येस."

त्या संध्याकाळी म्हातारी पुढंच बसली. खेळ सरला, बत्त्या लागल्या, लोक उठले, तरी ती हलेना.

"भटूनी जाताना तुन्हाकडे देखं व्हतं का वं?"

"देखं व्हतं. हसना बी व्हता."

लेकाच्या हसण्याचं ऐकून दगूबाईनं पदर तोंडाला लावला. त्या वर्षी कापूस वेचताना दोघींचं भटूबद्दलचं बोलणं सरता सरेना.